फारकत झाली तरी तो धुऱ्यावर उभा राहतो: संरक्षण आदेश कसा घ्यायचा आणि कसा राबवायचा

"मॅडम, तो घरी येतच नाई. धुऱ्यावर उभा रायते अन् मायाकडं पायत बसते. आता कोनाले सांगू?"

कापूस वेचणीचे दिवस होते. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात बसून ती बाई मला हे सांगत होती. दोन महिन्यांपूर्वीच तिला फारकत झालेल्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश, म्हणजे त्याला तिच्यापासून दूर ठेवणारा कोर्टाचा हुकूम, मिळाला होता आणि त्याचा अर्ज मीच लिहिला होता. गैरअर्जदारानं (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्यानं) अर्जदाराच्या राहत्या घरी जाऊ नये, असं आदेशात स्वच्छ लिहिलेलं होतं. तो घरी गेलाच नाही. ती ज्या शेतात वेचायला जायची तिथे वारंवार सकाळी मोटारसायकल लावून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहायचा, बाकीच्या बायकांसमोर तिला नावं ठेवायचा, आणि मालकाला फोन करून "हिला कामावर ठेवू नका" म्हणायचा. ती ठाण्यात गेली. जमादारानं आदेश दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाई, यात घर लिहिलं आहे. शेत लिहिलेलं नाही."

चूक माझी होती. मी शहरातल्या अर्जाचा मसुदा उचलला होता. त्यात घर होतं, कामाचं ठिकाण म्हणून ऑफिस होतं. शेत, पांदण (शेतात जायची वाट), आठवडी बाजार, एसटीचा थांबा यांतलं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जाआधी बाईला तिचा अख्खा दिवस विचारते: उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे पाय पडतो? या लेखात बाकी पुष्कळ माहिती आहे, पण वेळ कमी असेल तर आधी "अर्जात काय मागायचं" हा भाग वाचा.

घटस्फोट झाल्यावर हा कायदा चालतो का?

चालतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातल्या "कौटुंबिक नातेसंबंधा"च्या व्याख्येत आज एकत्र राहणारेही येतात आणि पूर्वी कधी एकत्र राहिलेलेही येतात. घटस्फोट झाला म्हणून लग्न टिकून असताना झालेल्या हिंसेबद्दलचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये जुवेरिया पटनी प्रकरणात सांगितलं. २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात त्याहून पुढचं सांगितलं. अर्ज करताना नातं चालू असण्याची गरज नाही, आणि त्या जुन्या नात्यामुळे नंतर हिंसा झाली तरी बाई अर्ज करू शकते. समोरचे वकील हमखास जुने निकाल काढून "आता ही त्याची बायकोच नाही" असं म्हणतात. तुमच्या वकिलांच्या फाइलीत या दोन निकालांच्या प्रती असू द्या.

त्याच २०२२ साली कामाची आणखी एक गोष्ट ठरली. या अर्जाला एक वर्षाची मुदत लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं कामाक्षी प्रकरणात सांगितलं. म्हणजे "फार उशीर केला" एवढ्या कारणावर अर्ज उडवता येत नाही. तरी उशीर करू नका. साक्षीदार कामाला पुण्या-सुरतेकडे निघून जातात आणि लोक विसरतात.

आपल्याकडे अनेक जोडप्यांची "फारकत" स्टॅम्प पेपरवर झालेली असते. चार माणसं बसली, सह्या झाल्या, दागिन्यांची वाटणी झाली. हिंदू विवाह कायद्याखाली अशा कागदानं घटस्फोट होत नाही. समाजात तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच तो धरला जातो. बौद्ध जोडप्यांनाही हाच विवाह कायदा लागतो. संरक्षण आदेशासाठी मात्र या वादात अडकायची गरज नाही, कारण फारकत पक्की असो की कच्ची, संरक्षणाचा अर्ज दोन्हीकडून चालतो. गोंड, कोलाम, कोरकू अशा आदिवासी समाजांना हिंदू विवाह कायदा लागत नाही, पण २००५ चा कायदा त्यांच्या बायकांनाही आहे, मुस्लिम बायकांनाही आहे. त्यात धर्म आणि जात विचारलेली नाही.

मारहाण झाली नसेल तर? कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चारही प्रकार हिंसेतच धरले आहेत. शिवीगाळ, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बदनामी, मुलं पळवून नेण्याची धमकी, स्त्रीधन दाबून ठेवणं, पोटगी ठरूनही पोरांच्या पोटाला काही न देणं, हे सगळं यात येतं. "हात तर लावला नाही ना?" असं कुणी विचारलं तर घाबरून गप्प बसू नका.

आज रात्रीचं आधी

धोका समोर असेल तर कागदपत्रांचा विचार नंतर. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइनसाठी १८१, मुलांसाठी १०९८. फोन लावताना गावाचं नाव, तालुका आणि जवळची ठळक खूण आधी सांगा. आपल्याकडे एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात आणि गाडी भलतीकडे जाते, म्हणून तालुका सांगणं महत्त्वाचं.

लागलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. "पाय घसरला" असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो. कुणी मारलं, कशानं मारलं, केव्हा मारलं हे कागदावर आलं पाहिजे. केसपेपर जपून ठेवा.

राहायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि वकिलाचा सल्ला एकाच जागी मिळतो.

कोणत्या दारात जायचं

संरक्षण आदेश फॅमिली कोर्टातूनच मिळतो, असा समज खेड्यात फार आहे. त्यापायी धारणीची बाई परतवाड्यामार्गे एसटीनं अमरावती गाठते आणि दिवस मोडून परत येते. खरं तर २००५ च्या कायद्याचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो, आणि ते बहुतेक तालुक्यांच्या कोर्टात बसतात. तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करता येतो, तात्पुरत्या राहत असलात तरी. माहेरी आला असाल तर माहेरच्या तालुक्यात करा. सासरच्या तालुक्यात जायची सक्ती नाही.

फॅमिली कोर्टाची वाट कुणासाठी? ज्यांचं पोटगीचं, मुलांच्या ताब्याचं किंवा घटस्फोटाचं प्रकरण आधीच नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या फॅमिली कोर्टात चालू आहे त्यांच्यासाठी. त्या चालू प्रकरणातच २००५ च्या कायद्याच्या कलम २६ खाली संरक्षण, निवास, पैसा, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई हे सगळं मागता येतं. फॅमिली कोर्ट नसलेल्या ठिकाणी ज्या दिवाणी न्यायाधीशांसमोर घटस्फोटाचं काम चालतं त्यांच्यासमोरही मागता येतं. एका कोर्टात काही मिळालं असेल तर दुसऱ्या कोर्टात ते सांगावंच लागतं. लपवलं आणि उघड झालं की न्यायाधीशांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं कठीण असतं.

माझं मत विचाराल तर मुलांचा प्रश्न मोठा असेल आणि केस आधीच फॅमिली कोर्टात असेल तर तिथेच मागा. नाहीतर तालुक्याचं कोर्ट बरं. ठाणं जवळ, संरक्षण अधिकारी जवळ, आणि पेशीला (कोर्टाच्या तारखेला) गेलेली बाई दुपारच्या गाडीनं घरी परतते. पेशीपायी मजुरी किती दिवस बुडणार, हा हिशोब लहान नाही. पुष्कळ प्रकरणं त्याच कारणानं अर्ध्यावर सुटतात.

आणखी एक वाट फारशा वकिलांच्या तोंडी येत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ७ खाली वैवाहिक नात्यातून उभ्या राहिलेल्या परिस्थितीत मनाई हुकूम मागता येतो. २००५ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. म्हणून आधीच्या बायकोकडून किंवा तिच्या माणसांकडून त्रास होणाऱ्या पुरुषाला ही वाट उपयोगी पडते. ठाण्यात तक्रार देणं तर दोघांनाही खुलं आहे.

संरक्षण अधिकारी

हे सरकारी पद याच कायद्यानं तयार केलेलं आहे आणि महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतं. तुमच्या तालुक्यात ते कुठे बसतात हे अंगणवाडी सेविका सांगेल, नाहीतर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. त्यांचं काम म्हणजे तुमची हकीगत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेणं, म्हणजेच कौटुंबिक घटना अहवाल, आणि तो कोर्टाला व ठाण्याला पाठवणं. अर्ज लिहायला मदत करणं आणि मोफत वकील मिळवून देणं हेही त्यांच्याच कामात आहे. बाईला वाचता येत नसेल तर अर्ज वाचून समजावून सांगणं नियमानंच त्यांच्यावर आहे. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

एकाच अधिकाऱ्याकडे पुष्कळ गावं असतात, त्यामुळे भेट मिळायला वेळ लागू शकतो. म्हणून अर्ज थांबवू नका. हा अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, हेही प्रभा त्यागीच्याच निकालात आहे. बाई स्वतः अर्ज देऊ शकते, तिच्या वतीनं भाऊ किंवा शेजारीणही देऊ शकते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या बायका मला दर महिन्याला भेटतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन करायचा तर १५१००. महाराष्ट्रात अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. "फी भरा" म्हणणारा दलाल भेटला तर सरळ समितीच्या कार्यालयात जा.

पुरावा: भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात

बायका तारखा सणांवर सांगतात. "तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "सोयाबीन काढणीत", "पोराला ताप होता त्या सोमवारी". हे सगळं खरं असतं, पण कोर्टाला तारीख लागते. मी बाईला घरचं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन यायला सांगते. दुधाचा आणि किराण्याचा हिशोब ती त्याच चौकटींत मांडते, त्यामुळे पानं चाळता चाळता दिवस आठवतात. धुऱ्यावरच्या त्या बाईनं तो आला की त्या दिवसाच्या चौकटीत पेनानं एक बारीक फुली केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच केलं होतं. दोन महिन्यांत अठरा फुल्या होत्या. आम्ही त्या एकेक करून शपथपत्रात उतरवल्या, आणि उलटतपासात ती एकदाही अडखळली नाही.

आजपासून वही करा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणी पाहिलं. दोन ओळी पुरतात.

मोबाइलवरचे मेसेज, स्टेटस, कॉलची यादी पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही जपा. कोर्टात छापील प्रत देताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तो मसुदा वकील देतात. पोरानं आईचा फोन फॉरमॅट केला आणि सगळे मेसेज गेले, असं झालेलं आहे. म्हणून भावाच्या किंवा बहिणीच्या फोनवर एक प्रत आजच पाठवा.

ठाण्यात पूर्वी दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या, अदखलपात्र नोंदीची प्रत, दवाखान्याचे कागद, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल किंवा तो स्टॅम्प, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, हे सगळं एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी त्या घरात ठेवू नका.

पोटगी मागत असाल तर त्याच्या उत्पन्नाचाही कागद लागतो. "त्याच्याकडे काही नाही, मजुरी करतो" हे उत्तर ठरलेलं असतं. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात, ते काढा. बाजार समितीच्या किंवा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीच्या पावत्या, पीकविम्याची रक्कम, ट्रॅक्टर, बैलजोडी, बोअर, ओलिताची जमीन, जे माहीत असेल ते लिहा. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात दोघांनीही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं असं ठरवलं आहे, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. तो नमुना मागून घ्या. पगारदाराच्या नमुन्यात शेतकऱ्याची निम्मी मिळकत दिसतच नाही. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून अर्ज जितका लवकर तितकं बरं.

अर्जात काय मागायचं

२००५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी गैरअर्जदाराला या गोष्टींची मनाई करू शकतात: हिंसा करणं किंवा दुसऱ्याकडून करवणं, तुम्ही काम करता तिथे किंवा नेहमी जाता-येता तिथे येणं, मुलांच्या शाळेत जाणं, कोणत्याही मार्गानं संपर्क करणं, स्त्रीधन किंवा सामाईक मालमत्ता विकणं, आणि तुम्हाला मदत करणाऱ्याला त्रास देणं. त्याखेरीज आदेशात नमूद करून दुसऱ्या कृतीची मनाईही करता येते. कायदा भरपूर मोठा आहे. तुमच्या गावापुरतं त्याचं माप तुम्हालाच सांगावं लागतं.

जागा नावानिशी लिहा. राहतं घर, गाव आणि वॉर्डासह. माहेरचं घर. ज्या शेतांत मजुरीला जाता ती, मालकाचं नाव आणि गट नंबरसह. वेचणीला, निंदणाला शेतं बदलतात, म्हणून "अर्जदार त्या दिवशी ज्या शेतात काम करत असेल ते शेत आणि त्याचा धुरा" असंही वाक्य घाला. पाण्याची विहीर किंवा हातपंप. एसटीचा थांबा. आठवडी बाजार, वारासह. बचत गटाची बैठक भरते ती जागा. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला जात असाल तर जिनिंगचं फाटक. मुलांची शाळा आणि अंगणवाडी.

अडचण अशी की तोही त्याच गावचा असतो. न्यायाधीश विचारतात, "याचं शेत तुमच्या वस्तीच्या पलीकडे आहे, मग यानं जायचं कुठून?" प्रश्न रास्त आहे. उत्तर अर्जातच तयार ठेवा. मी असं लिहिते: गैरअर्जदारास पांदण रस्त्यानं स्वतःच्या शेतात ये-जा करण्यास हरकत नाही, मात्र अर्जदाराच्या घरासमोर अगर ती काम करत असलेल्या शेताच्या धुऱ्यावर थांबू नये, वाहन उभं करू नये, बोलू नये, हातवारे करू नयेत. त्याच्या पोटापाण्याचा रस्ता मोकळा ठेवलेला दिसला की असा आदेश मिळणं सोपं जातं. शिवाय तो थांबला की थांबला, पुढे अर्थ काढायला जागा राहत नाही.

संपर्काबद्दल लिहिताना फोन आणि व्हॉट्सॲप तर लिहाच, सोबत "नातेवाइकांमार्फत, मुलांच्या फोनवरून, स्टेटसमधून आणि गावच्या ग्रुपवरून" हेही लिहा. शेतमालकाला धमकावण्याचा प्रकार असेल तर "अर्जदारास काम देणाऱ्या व्यक्तीस" असे शब्द घाला. मदत करणाऱ्यांनाही कायद्यानं संरक्षण आहे. मालकाला हे कळलं की तोही काम द्यायला कचरत नाही.

सासूही छळात सामील असेल तर तिलाही गैरअर्जदार करता येतं. कायद्याच्या मूळ व्याख्येत "प्रौढ पुरुष" असे शब्द होते, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काढून टाकले. पण म्हणून चुलत-मावस सगळ्यांची नावं घालू नका. ज्यानं काहीच केलं नाही त्याचं नाव घातलं की अर्ज हलका होतो, आणि नोटिसा बजावण्यातच महिने जातात.

मुलांची भेट

घटस्फोटानंतरची निम्मी भांडणं मुलांना नेण्या-आणण्याच्या वेळी होतात. तो बाप आहे, त्याला मुलं भेटली पाहिजेत. ती भेट तुमच्या दारात व्हायचं मात्र कारण नाही. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा आणि भेटीची व्यवस्था मागता येते, आणि भेट मुलांना अपायाची असेल तर ती नाकारायची विनंतीही करता येते. जागा, वार, वेळ आणि मुलं कोण सोपवेल हे चारही लिहून मागा. ग्रामपंचायत कार्यालय, संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय किंवा कोर्टाचं आवार अशी चारचौघांतली जागा धरा. मुलं पोचवायला आजोबा किंवा मामा जाऊ द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना आदेशाची प्रत द्या. नाहीतर मधल्या सुट्टीत बाप फाटकावर आला की मास्तर बिचारे पोर त्याच्या हाती देतात.

कोर्टात गेल्यावर

अर्जासोबत अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र त्याच दिवशी द्या. कलम २३ खाली धोका दिसत असेल तर समोरच्याला ऐकून घेण्याआधीही एकतर्फी आदेश मिळू शकतो. त्यासाठी अलीकडची एक घटना तपशीलवार लिहिलेली हवी. "नेहमी त्रास देतो" यावर आदेश मिळत नाही. "गेल्या मंगळवारी सायंकाळी सातला विळा घेऊन अंगणात आला" यावर मिळतो.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, मनाची तयारी तशी ठेवा. म्हणूनच अंतरिम आदेशावर माझा एवढा भर आहे.

खरी गाडी अडते ती नोटीस बजावणीत. तो कामासाठी बाहेरगावी असतो, किंवा घरचे "इथे राहत नाही" म्हणून नोटीस परत पाठवतात. त्याचा आताचा पत्ता, कामाची जागा, ठेकेदाराचं नाव, मोबाइल नंबर जे कळेल ते संरक्षण अधिकाऱ्यांना द्या, बजावणी त्यांच्यामार्फत होते. बजावूनही तो आला नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं.

पेशीच्या दिवशी एकट्या जाऊ नका. गाडीत आणि कोर्टाच्या फाटकावर तोच समोर येतो. सर्वांसमोर बोलायची लाज किंवा भीती वाटत असेल तर बंद दालनात सुनावणी मागा, कायद्यात तशी सोय आहे. आपला केस नंबर मोबाइलच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये ठेवला तर पुढची तारीख घरबसल्या दिसते आणि न्यायाधीश रजेवर असतील त्या दिवशीची फेरी वाचते.

"गावातच मिटवून टाका"

तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. बांधाची, पाण्याची कितीतरी भांडणं त्या समित्यांनी मिटवली, त्याबद्दल मला आदर आहे. पण घटस्फोटानंतर पाठलाग करणाऱ्या माणसाची समजूत बैठकीत निघते, असं मी क्वचितच पाहिलं आहे. बैठकीत तो मान खाली घालतो, माफी मागतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा येतो. बाईला मात्र "तुझंच ऐकून घेतलं ना आता" असं ऐकावं लागतं. बैठकीला जायचं तर जा, पण कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि "केस मागे घेईन" असं लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा. तडजोड करायचीच असेल तर ती कोर्टात, त्याच अटी आदेशात लिहून घेऊन करा. मोडली तर तुमच्या हातात काही तरी राहील.

आदेश हातात आल्यावर

प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याला कोर्टाकडून प्रत जाते, तरीही स्वतः एक प्रत घेऊन ठाणेदारांना भेटा आणि पोच घ्या. बीट जमादाराचा नंबर लिहून घ्या. पोलीस पाटलांना एक प्रत द्या, शेतमालकाला आणि शाळेत एकेक. मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, कारण तो समोर उभा राहील तेव्हा कागद घरी असणार.

आदेश मोडला तर

तोच दिवस महत्त्वाचा. संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे कोर्टाची परवानगी न घेता पोलिसांना तपास करता येईल असा, आणि अजामीनपात्र आहे. "कोर्टात जा, आमच्याकडे नाही" असं ठाण्यात सांगितलं तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा: दखलपात्र आहे, तक्रार नोंदवा. एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा सिद्ध धरू शकतं, त्यामुळे "साक्षीदार आण" हे कारण पुरत नाही.

तक्रारीत आदेशातलं कोणतं वाक्य मोडलं ते लिहा. "आदेशाच्या कलम तीनमध्ये धुऱ्यावर थांबू नये असं आहे, तो आज सकाळी नऊ ते साडेनऊ थांबला." एवढं नेमकं लिहिलेलं असलं की टाळाटाळ करणं अवघड जातं. तरी नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा, ते न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत पोचवतात. थेट कोर्टातही तक्रार देता येते. पाठलाग आणि धमकी हे भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हेही आहेत, कलम ७८ आणि ३५१. आदेश असो नसो, ते लागतात.

पोटगी थकवली तर रस्ता वेगळा. कलम ३१ संरक्षण आदेशापुरतं आहे. थकलेल्या पैशांसाठी त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज करायचा. तो नोकरीत असेल तर पगारातून थेट कपातीचा आदेश मागता येतो.

त्या धुऱ्यावरच्या प्रकरणात आम्ही बदललेल्या परिस्थितीचं कारण देऊन आदेशात दुरुस्ती मागितली. कलम २५ मध्ये ती सोय आहे. नव्या आदेशात शेत, धुरा, पांदण, शेतमालक, सगळं आलं. तो पुन्हा एकदा येऊन उभा राहिला. या वेळी जमादारानं वाचायला एक मिनिट घेतलं आणि गाडी काढली.

आदेशाला संपायची तारीख नसते. तुम्ही स्वतः अर्ज करून तो रद्द करून घेईपर्यंत, किंवा परिस्थिती बदलली म्हणून न्यायदंडाधिकारी बदलेपर्यंत तो लागू राहतो. आदेश मान्य नसेल तर दोघांपैकी कुणीही तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करू शकतं. त्यानं अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, वरच्या कोर्टाची स्थगिती आहे का ते विचारा. आणि दिवाळीनंतर कामासाठी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यात गेलात तरी तो आदेश तिथेही चालतो. पोचल्या पोचल्या तिथल्या ठाण्यात एक प्रत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.